टपाल चौकटीत द्यायचं

नंदू वैरागडे घोड्यावर बसायला शिकला तो एकोणपन्नासाव्या वर्षी, आणि तोही एका अर्ध्या खोट्या उत्तरापायी. नोकरीच्या फॉर्मवर विचारलं होतं, घोडेस्वारीचा अनुभव आहे का? नंदूने 'हो'वर खूण केली. आता त्याला अगदी खोटं तरी कसं म्हणावं? उमरेडला स्वतःच्या वरातीत तो बसला होता की घोडीवर. पुढे लगाम धरलेला माणूस होता, मागे बँड होता आणि नवरदेवाने मुंडावळ्यांच्या आड डोळे घट्ट मिटून घेतले होते, एवढं सगळं त्या रकान्यात मावत नव्हतं. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. नंदूच्या नशिबी घोडी आली, एवढाच काय तो फरक.

हे घडलं कॅनडातल्या कॅल्गरीत. त्याआधी चौदा वर्षं नंदू डाउनटाउनमधल्या एका टॉवरच्या एकतिसाव्या मजल्यावर पाइपलाइनींचे नकाशे तपासत बसायचा. मग तेलाचे भाव पडले, त्याची कंपनी दुसरीने गिळली, आणि एका सकाळी त्याच्या टेबलावर रिकामं खोकं आलं. सामान भरा आणि निघा. अठ्ठेचाळीस वर्षांच्या इंजिनियरला पुन्हा कोण घेणार होतं? वर्षभर त्याने अप्लाय केलं, दूरदूरच्या शहरांतही. बर्नाबी झालं, वॉटर्लू झालं. वॉटर्लूच्या एका पोरगेल्या साहेबाने व्हिडिओवर त्याची मुलाखत घेतली, तुम्ही या कामासाठी फार मोठे आहात म्हणाला आणि हसून कॉल बंद केला. मोठे म्हणजे म्हातारे, हे नंदूला कळायला वेळ लागला नाही.

शेवटी यामिनीने, म्हणजे त्याच्या बायकोने, एक जाहिरात दाखवली. ती डेकेअरमध्ये काम करायची, तिथल्या मुलांची सहल नेहमी जायची ती जागा. शहराच्या दक्षिणेला दीडशे वर्षांपूर्वीचं गाव उभं केलंय. लाकडी दुकानं, लोहाराची भट्टी, शाळा, पोस्ट. त्या पोस्टात माणूस पाहिजे होता. नंदूला वाटलं, खिडकीमागे बसून तिकिटं चिकटवायची असतील. निघालं भलतंच. शाळेच्या मुलांना जुन्या टपालाची गोष्ट सांगायची, आणि तीही घोड्यावर बसून.

घोडीचं नाव मेबल. वय चोवीस, म्हणजे माणसाच्या हिशेबात आजीबाई. तबेला बघणाऱ्या ग्लेनिसने पहिल्याच दिवशी ओळखलं की हा माणूस घोड्याला लाकडी सोफ्यासारखा धरून बसतो. महिनाभर रोज संध्याकाळी तिने त्याला गोल गोल फिरवला. मांड्यांची सालं निघाली, कंबर धरली, गुडघ्यात जी कळ आली ती आजतागायत गेली नाही. पण बसला. मेबल चालायची तशी चालायची, थांबायची तिथे थांबायची, आणि नंदूने तिच्याशी वाद घालायचं सोडून दिलं.

तीन उन्हाळे झाले या गोष्टीला. काम मे ते ऑक्टोबर. ऑक्टोबरात थँक्सगिव्हिंगचा सण झाला की गाव बंद, मग हिवाळाभर एका ग्रोसरी स्टोअरच्या मागच्या खोलीत खोकी फोडायची आणि सकाळी उठून ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायचा. उन्हाळ्यात रोज चार खेळ. अंगात जाड लोकरीचा कोट, डोक्यावर रुंद टोपी, घोडीच्या दोन्ही बाजूंना चामड्याच्या थैल्या. ऑगस्टमध्ये जंगलं पेटली की धुराने घसा बसायचा, आणि त्या बसलेल्या घशाने तीच गोष्ट दिवसातून चार वेळा. मुलं नवी असतात हो, पण सांगणारा तोच असतो. चौथ्या खेळाला नंदूला आपलाच आवाज दुसऱ्या कोणाचा तरी वाटायचा.

हे सगळं सोसलं असतं त्याने. माणूस काय सोसत नाही? पण नंदू थकला होता तो घोडीमुळे नाही. तो थकला होता लपवालपवीने.

उमरेडच्या पुढच्या एका गावात त्याचे वडील पोस्टमन होते. अडतीस वर्षं, नऊ गावं, आधी पायी आणि मग सायकलवर. सगळे त्यांना दादासाहेब म्हणत. पोस्टमनला साहेब म्हणणारं ते एकच गाव असावं. दादासाहेबांचा एक नेम होता. टपाल चौकटीत द्यायचं. वाटेत कोणी भेटला, 'माझं काही आहे का हो?' म्हणाला, तरी थैलीला हात लावायचा नाही. 'घरी ये' म्हणायचं, आणि त्याच्या दारात जाऊन, त्याला हाक मारून, हातात द्यायचं. पत्रात काय असेल, कोणाचं बरं कोणाचं वाईट, ते माणसाला भर रस्त्यात का कळावं? मागे भिंत असावी, बसायला जागा असावी. एवढं साधं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यापायी ते रोज दोन-चार मैल जास्त चालले.

याच दादासाहेबांचं दुसरंही एक म्हणणं होतं. नंदू बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाला तेव्हा साऱ्या आळीसमोर ते म्हणाले होते, "आता माझ्या पोराच्या खांद्याला थैली लागणार नाही." नंदूची आई शेजारी पेढ्यांचं ताट घेऊन उभी होती. ते वाक्य नंदूच्या डोक्यात असं बसलं की हातात ते रिकामं खोकं आलं तेव्हाही त्याला आधी तेच आठवलं.

म्हणून त्याने सांगितलंच नाही. आज सांगू, उद्या सांगू करत वर्ष गेलं. दीड वर्षापूर्वी, फेब्रुवारीत, आईचा फोन आला होता. दम लागत होता तिला. "ऑफिसात वेळेवर जेवतोस ना?" तिने विचारलं. नंदू तेव्हा ग्रोसरीच्या मागच्या खोलीत टोमॅटोच्या खोक्यांवर बसलेला होता. "हो," तो म्हणाला. चार दिवसांनी ती गेली. हा पोहोचला तिसऱ्या दिवशी. आई शेवटी आपण सांगितलेलं खोटं घेऊन गेली, हे त्याच्या छातीत बसलं ते बसलंच. यामिनीपाशी एकदा तो हे बोलला आणि लहान मुलासारखा रडला.

आणि आता या जूनमध्ये दादासाहेब स्वतः आले होते, चार महिन्यांसाठी.

तेव्हापासून नंदू रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, खांद्याला लॅपटॉपची बॅग लावून निघायचा. बॅगेत लॅपटॉप नव्हता. बॅगेत त्या टपालस्वाराची टोपी होती, दाबून बसवलेली, आणि डबा. संध्याकाळी अंगाला घोड्याचा वास येऊ नये म्हणून तबेल्यामागच्या वॉशरूममध्ये साबणाने मानेपर्यंत धुऊन यायचं. त्याची लेक ऊर्मी दहा वर्षांची. तिला ताकीद होती की आजोबांना सांगायचं नाही. "बट व्हाय?" तिने तीनदा विचारलं. तीनदा नंदूने मोठ्यांची कारणं सांगितली, म्हणजे काहीच सांगितलं नाही. आजोबांना परत जायचं विमान चौदा ऑक्टोबरला होतं. नंदू दिवस मोजत होता, आणि बाप जायची वाट बघतो आपण, म्हणून स्वतःलाच शिव्या देत होता.

दादासाहेबांनी इथे आल्या आल्या एक काम स्वतःकडे घेतलं होतं. त्या वस्तीत टपाल घरी येत नाही. गल्लीच्या तोंडाशी एक मोठी लोखंडी पेटी आहे, प्रत्येक घराचा त्यात एक कप्पा, किल्लीने उघडायचा. दादासाहेबांना हे बघून वाईट वाटलं. "दार आहे आणि टपाल नाही," ते म्हणाले, "हे काही खरं नाही." मग रोज दुपारनंतर कानटोपी घालून ते पेटीपर्यंत जायचे, टपाल काढायचे, परत यायचे, आणि खिशात घराची किल्ली असूनही बेल वाजवायचे. दार उघडणाऱ्याच्या हातात टपाल द्यायचे. फर्निचरच्या सेलचा कागद असला तरी. यामिनी दमून आलेली असायची, तिला दोन दिवस हसू आलं, तिसऱ्या दिवशी वैताग आला, आणि मग सवय झाली.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ते झालं. जेवताना ऊर्मी म्हणाली, "आमची फील्ड ट्रिप आहे थर्सडेला. मेल रायडर बघायला." आणि नंदूकडे न बघता पुढे म्हणाली, "टीचरला मी सांगितलं, माय आजोबा वॉज अ रिअल मेलमॅन. ती म्हणाली, त्यांना घेऊन ये."

यामिनीने डाळीचं भांडं उगीच इकडचं तिकडे केलं.

"घोड्यावरचा पोस्टमन काय?" दादासाहेब म्हणाले. "जाऊ बाप्पा. मी येतो."

यामिनी भांडी घासताना हळू आवाजात म्हणाली, "सांगून टाक ना रे आता. काय होईल? बोलतील दोन शब्द."

"बोलणार नाहीत, तेच तर," नंदू म्हणाला. "गप्प बसतील. मला ते नाही सोसणार."

त्याने ग्लेनिसला विचारून पाहिलं, गुरुवारी बदली कोणी मिळेल का? ग्लेनिसने मेबलच्या खुरात अडकलेला खडा काढता काढता सांगितलं की घोड्यावर बसणारा तू एकटा, आणि या वर्षी हा खेळ ठेवायचा की नाही ते वरचे लोक ठरवणार आहेत, तेव्हा आजारी पडायचं असेल तर ऑक्टोबरनंतर पड. झालं. बुधवारी सकाळी नंदूने सांगायचं ठरवलं. दादासाहेब मागच्या डेकवर उन्हात बसून कानटोपीची दोरी सोडवत होते. नंदू त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"बाबा."

"हं."

"उद्या थंडी असेल. जाकीट घाला."

"घालतो," दादासाहेब म्हणाले. "तू काहून असा उभा राहिला? ऑफिसला उशीर नाही होऊन राहिला?"

नंदू गेला. गाडीत बसून त्याने स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. कंटाळा आला होता त्याला स्वतःचा.

गुरुवार उजाडला. चाळीस मुलं, दोन शिक्षिका, आणि लाकडी बाकावर चार-पाच आजी-आजोबा. त्यांत कानटोपीवाले आजोबा एकच. नंदू पोस्टामागच्या वळणावर मेबलवर बसून उभा होता. तिथून त्याला ते दिसले. नंदूच्या मनात आलं, मेबलला असंच वळवावं आणि रस्ता फुटेल तिकडे जावं. पण मेबलला वेळ झालेली कळते. तिने याची वाट न बघता पाऊल टाकलं आणि बाराव्या पावलावर, जिथे रोज थांबते तिथे, मुलांच्या बरोबर मधोमध जाऊन ती थांबली.

नंदूने टोपी काढली, पुन्हा घातली. बाकाकडे बघायचं नाही, असं ठरवलं आणि सुरू केलं. इंग्रजीतच सांगायचा तो, पण सांगायची तऱ्हा उमरेडची होती.

मुलांनो, तो म्हणाला, दीडशे वर्षांपूर्वी इथे रस्ता नव्हता, रेल्वे तर नव्हतीच. दोन नद्या मिळतात तिथे पोलिसांची एक लाकडी गढी होती, आणि त्या गढीत घरापासून फार लांब आलेली तरणी पोरं होती. त्यांना घरच्या पत्राची किती भूक असेल? पत्र यायचं कसं? घोड्यावरून. दक्षिणेच्या गढीपर्यंत शंभर मैल, तिथून आणखी खाली, पार अमेरिकेत. मजा बघा, इथून कॅनडाच्याच दुसऱ्या टोकाला पत्र पाठवायचं तर त्याला तिकीट अमेरिकेचं लावायचं, कारण वाट तिकडूनच होती. स्वाराच्या थैलीवर मेणकापड. नदी आली की थैली आधी डोक्यावर, मग स्वतः पाण्यात. माणूस भिजला तर वाळतो, पत्र भिजलं तर गेलं. आणि ज्या वाटांवरून तो जायचा त्या त्याने शोधलेल्या नव्हत्या. त्या ब्लॅकफूट लोकांच्या वाटा होत्या, हजारो वर्षांच्या. वाट चुकलेल्या कितीतरी स्वारांना त्यांनीच सुखरूप पोहोचवलं.

"बर्फात घोडा काय खायचा?" एका मुलीने विचारलं.

"खुराने बर्फ उकरून गवत खायचा. नाहीच जमलं तर मग कुत्र्यांची गाडी."

"आणि स्वाराला सू लागली तर?"

हा प्रश्न प्रत्येक खेळाला येतो. "थांबायचा," नंदू म्हणाला. "पण थैली गळ्यात ठेवून." मुलं खदखदली. बाकावरून कोणीतरी खोकलं. नंदूने तो खोकला ओळखला.

मग एक लहानसा मुलगा म्हणाला, "तू खरा आहेस का?" हाही नेहमीचाच. नंदू रोज म्हणायचा, मी खरा, घोडी खरी, फक्त टोपी भाड्याची. आज त्याने ते म्हटलं नाही. त्याने मेबलच्या मानेवर थोपटलं. "घोडी खरी आहे," एवढंच तो म्हणाला.

खेळाच्या शेवटी तिथला एक रिवाज होता. प्रत्येक मुलाने एक पत्र लिहायचं, कोणालाही. कागद, पाकीट मिळायचं. स्वार ती पत्रं थैलीत भरून गावाच्या दुसऱ्या टोकाच्या पोस्टात न्यायचा. तिथे त्यांच्यावर गोल शिक्का बसायचा, घोडेस्वाराचं चित्र असलेला, आणि मग ती खरोखर टपालात पडायची, खऱ्या पत्त्यावर जायची. मुलांना याचं फार अप्रूप. नंदूलाही होतं, पहिल्या वर्षी. त्या वर्षी त्याने दिवाळीचं कार्ड आई-बाबांना इथूनच पाठवलं होतं. थैली भरलेलीच होती, म्हणून त्यातच सारलं. वेगळं पोस्टात जायचा त्रास वाचला.

मुलं रांगेने आली आणि पाकिटं वर करत गेली. बाकावरचे आजी-आजोबाही कागद मागून घेऊन अजून लिहीत होते. नंदू वाकून घेत होता, डाव्या थैलीत टाकत होता, कारण उजवीकडे वाकलं की गुडघा ओरडायचा. ऊर्मी आली. तिने पाकीट दिलं आणि हळूच म्हणाली, "सॉरी, बाबा." तिच्यामागे कानटोपी होती.

दादासाहेब मुलांच्या रांगेत उभे राहिले होते. नंदू घोड्यावर, बाप खाली. आयुष्यात कधी असं झालं नव्हतं. नंदूला उतरायचं होतं, पण रिकिबीतून पायच निघेना. दादासाहेबांनी वर पाहिलं. टोपीकडे, कोटाकडे, थैलीकडे. मग त्यांनी खिशातून पाकीट काढून वर धरलं. त्यावर पत्ता नंदूचाच होता, घराचा, त्यांच्या त्या सरळ, पोस्टमनच्या अक्षरात.

"बाबा, मी…"

"रस्त्यात नाही," दादासाहेब म्हणाले आणि पुढे सरकले.

नंदूने थैलीचा पट्टा आवळला. आपलंच पत्र, आपल्याच थैलीत. उघडून बघता आलं असतं. पोस्टाच्या लाकडी भिंतीआड कोणी नव्हतं. पण स्वाराने थैली उघडायची नाही, हे तो तीन वर्षं मुलांना सांगत आला होता, आणि त्याही आधी घरी ऐकत आला होता. त्याने थैली पोस्टात दिली. शिक्का बसल्याचा ठप्प आवाज चाळीस वेळा आला, मग आणखी एकदा.

त्या संध्याकाळी नंदू गाडी चालवत घरी आला तो सगळ्या तयारीने. पण दादासाहेबांनी जेवताना विचारलं ते भाजीत मीठ कमी का, एवढंच. शुक्रवारी सकाळी नंदू दारात घुटमळला. "बाबा, कालचं…"

"ते टपालात आहे," दादासाहेब म्हणाले. "पोहोचल्याशिवाय काही बोलायचं नसते."

काय म्हणावं या माणसाला? शनिवार गेला, रविवार गेला. नंदूला रात्री डोळा लागेना, दिवसा घोडीवर डुलकी यायची. यामिनी म्हणाली, अरे तोंडाने बोला की दोघं, एका घरात राहता. पण तिने सासऱ्यांना विचारायचं धाडस केलं नाही. नंदू मनात पत्राचे मजकूर रचत राहिला. एकात दादासाहेब म्हणत होते, मला लाज वाटते. एकात म्हणत होते, विमान आधीचं करून दे. सगळ्यांत वाईट जो होता त्यात फक्त एक वाक्य होतं, की तुझी आई फसली.

मंगळवारी त्याला सुट्टी होती. अडीच वाजता दादासाहेब कानटोपी घालून निघाले. नंदू खिडकीतून बघत राहिला. ते पेटीपाशी पोहोचले, कप्पा उघडला, आत बराच वेळ बघत राहिले. मग परत निघाले. चालताना उजवा पाय जरा ओढत होते, पूर्वी ओढत नसत. बेल वाजली.

नंदूने दार उघडलं. दादासाहेब उंबऱ्याबाहेर उभे होते. आणखी दोन कागद होते, ते त्यांनी काखेत धरले.

"नंदू वैरागडे," ते म्हणाले आणि पाकीट त्याच्या हातात दिलं. घोडेस्वाराचा शिक्का तिकिटावर बरोबर मधोमध बसला होता. "बस आधी. मग वाच."

बुटांच्या रॅकशेजारच्या छोट्या बाकावर नंदू बसला आणि पाकीट फोडलं. शाळेचा रेघांचा कागद होता.

'चि. नंदूस अनेक आशीर्वाद.

हे पत्र तूच नेणार आहेस म्हणून चार ओळीच लिहितो. गेल्याच्या आदल्या दिवाळीला तुझं कार्ड आलं. टपालातला माणूस आधी शिक्का पाहतो, मग नाव, हे तू पोस्टमनचा मुलगा असून कसा विसरलास? शिक्क्यावर घोडा होता. शेजारच्या अपूर्वाने तिच्या फोनवर ते गाव शोधून दिलं. फोटोत तू होतास, टोपी घालून.

मी तो फोटो तुझ्या आईला दाखवला. ती फार हसली. म्हणाली, वरातीत डोळे मिटून बसला होता, आता बघा कसा ताठ बसलाय. अपूर्वाकडून कागदावर काढून घेतला आणि उशीखाली ठेवला. तुला फोन केला तेव्हा तिला सगळं माहीत होतं. तू जेवतोस की नाही, एवढंच तिला विचारायचं होतं. तू हो म्हणालास, तिला बरं वाटलं. फोटो तिच्याबरोबर दिला.

थैली लागणार नाही असं मी म्हणालो होतो. तेव्हा मी थकलेला होतो, माझा खांदा दुखायचा, म्हणून म्हणालो. थैलीत वाईट काही नसतं. हे तुला आधी कळवायला पाहिजे होतं, पण तू स्वतः सांगशील म्हणून वाट पाहिली. तीही चूकच.

गोष्ट चांगली सांगतोस. थैली मात्र डावीकडे जड भरतोस. घोडी म्हातारी आहे, त्या बाजूला कलते. दोन्हीकडे सारखी भरावी.'

नंदूने ते पत्र दोनदा वाचलं. 'फोटो तिच्याबरोबर दिला' या ओळीवर तो थांबला आणि पुढचं त्याला दिसेनासं झालं. दीड वर्षं छातीवर ठेवलेलं काहीतरी एकाएकी निघालं. तो रडला, आवाज न करता, गुडघ्यांवर कोपरं टेकवून, लेकीच्या बुटांच्या आणि ओल्या मोज्यांच्या वासात. दादासाहेब अजून चौकटीतच उभे होते. त्यांनी घाई केली नाही. अडतीस वर्षांत त्यांनी कितीतरी लोकांना असं पत्र वाचून होईपर्यंत दारात सोबत केली होती.

बऱ्याच वेळाने ते आत आले, दार लावलं, वाकून चपला काढल्या. बाकावर जागा फारशी नव्हती, तरी नंदूला जरा सरकवून ते शेजारी टेकले. दोघांचेही गुडघे कुरकुरले.

"थकला काय?" त्यांनी विचारलं.

"हो, बाबा," नंदू म्हणाला. "लई थकलो."

दादासाहेबांनी मान हलवली. भिंतीशी लॅपटॉपची बॅग टेकवून ठेवली होती, उद्यासाठी. त्यांनी ती पायाने जवळ ओढली, चेन उघडली, आतली टोपी बाहेर काढली आणि गुडघ्यावर ठेवून तिची चेमटलेली कड बोटांनी सरळ करू लागले.

"ही उद्यापासून डोक्यावर घालून जात जा," ते म्हणाले. "बॅगेत चुरगळून राहिली."